चौथा कॉर्नर

मंदी आल्याचं मला पहिल्यांदा भंगारवाल्याने सांगितलं.

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ट्रकचे व्हील हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, व्हायचे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून बिडाचं कास्टिंग यायचं. ते सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, टर्न करायचं, होल मारायचे, धुऊन तेल लावून पाठवायचं, एवढंच आमचं काम. मशीनखाली जो काळा बुरादा साठतो त्याला भंगाराच्या धंद्यात सीआय बोरिंग म्हणतात. ते न्यायला टेम्पो बुधवारी आणि शनिवारी यायचा. जून 2019 मधल्या एका बुधवारी आलाच नाही. शनिवारी हटकलं तर म्हणाला, "सर, चार गाळे फिरलो तरी टेम्पो भरंना. डिझेलपण सुटत न्हाई. आता पंधरवड्यानं येतो."

मी हसलो. आमच्याकडे तेव्हा तिन्ही शिफ्ट चालू होत्या.

दर महिन्याच्या 25 तारखेच्या आसपास कस्टमरकडून पुढच्या महिन्याचं शेड्यूल यायचं. एप्रिलचं होतं 9,200 हबचं. जुलैचं आलं 5,100 चं. सप्टेंबरचं 2,600. मॅनेजरसाहेबांनी तो कागद फलकावर लावायचं बंद केलं, आणि त्या दिवसापासून अख्ख्या शॉपफ्लोअरला आकडा तोंडपाठ झाला.

टीव्हीवर गाड्यांच्या मंदीची चर्चा चालायची ती बहुतेक कारची. ट्रकचं दुखणं निराळं होतं. जुलै 2018 मध्ये सरकारने एक्सलवर किती वजन चालेल त्याची मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. म्हणजे पाच ट्रकांचा माल कायदेशीरपणे चार ट्रकांत बसायला लागला. मग पाचवा ट्रक घेणार कोण आणि त्याचे हब लागणार कुणाला? त्याच वर्षी सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली आणि ट्रकला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडला. पुढे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, लागू होणार होतं, तेव्हा ज्याला थांबता येत होतं तो थांबला. अर्थमंत्री 2019 च्या सप्टेंबरमध्ये म्हणाल्या की तरुण पिढी हप्त्याच्या भानगडीत न पडता ओला-उबर आणि मेट्रो पसंत करते. आमच्या कॅन्टीनमध्ये त्यावर दोन दिवस करमणूक झाली. सोळा टनी ट्रक ओलावर बुक करायची खूप जणांनी हौस करून पाहिली.

कारखान्याच्या आतल्या खुणा बारीक होत्या. आधी ओव्हरटाइम गेला. मग हातमोजे आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी मिळायला लागले. बुधवारची अंडाकरी गेली. मग टूल स्टोअरच्या खिडकीवर नोटीस लागली: चारही कॉर्नर संपल्याशिवाय नवीन इन्सर्ट मिळणार नाही, जुना जमा करून नवा न्यावा. आमच्या टर्निंगच्या इन्सर्टला, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या पात्याला, दोन्ही बाजू धरून चार कापणारे कोपरे असतात. पूर्वी पोरं तीन वापरून झाले की टाकून द्यायची, चौथा सहसा चिरलेला असतो म्हणून. आता स्टोअरवाला भिंग घेऊन बसायचा.

मला खरी धडकी भरली ती ऑगस्टमध्ये. कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि आमचे कास्टिंगचे दोन ट्रक तिकडेच अडकले. एरवी कास्टिंग चार तास उशिरा आलं तरी मॅनेजर फोन करून फाउंड्रीवाल्याचा जीव खायचे. यावेळी मी घाबरत सांगायला गेलो तर म्हणाले, "येऊ दे सावकाश." तेरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'सावकाश' हा शब्द मी ऐकला नव्हता.

मग ब्लॉक क्लोजर सुरू झाले. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, तिच्या मागेपुढे बुधवार आणि शुक्रवार जोडून तीन दिवस बंद. एक दिवस कंपनी सोसणार, एक दिवस आमच्या रजेतून जाणार. शिफ्टही तीनच्या दोन झाल्या.

ऑगस्टअखेर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. आमच्याकडे परमनंटच्या हजेरीपटावर बासष्ट नावं होती आणि ठेकेदाराची चाळीसेक पोरं. "ठेकेदाराची अकरा कमी करायचीत. नावं तू दे. शॉपवर तू असतोस, तुला माहिती कोण कसा आहे." मी विचारलं, "आणि आमचं काय साहेब?" ते पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, "सुपरवायझर दोन आहेत आणि शिफ्ट दिवाळीनंतर एकच राहील. तू हुशार आहेस."

हजेरीपटाची झेरॉक्स घरी नेली आणि शिसपेन्सिलने नावांपुढे टिंबं द्यायला बसलो. आठ नावं सोपी गेली. दांड्या मारणारे, नवीन आलेले, एकजण तंबाखू खाऊन कुलंटच्या टाकीत थुंकायचा. उरलेल्या तीन नावांवर रात्रीचा दीड वाजला. शेवटच्या नावासाठी तिघं समोर होते. त्यात लातूरकडचा एक पोरगा होता, चोवीसेक वर्षांचा. इन्सर्ट चिरला की त्याला मशीनच्या आवाजावरून कळायचं. गेज लावायच्या आधी हात वर करायचा, "सर, कॉर्नर गेला." कधी चुकला नाही. पण लग्न झालेलं नव्हतं, गावाकडे थोडी शेती होती. बाकीच्या दोघांना मुलंबाळं होती. मी टिंब दिलं. लग्न झालेलं नाही हे नोकरी जायचं कारण कुठल्या नियमात बसतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने अकरा जणांना गेटवरच थांबवलं. लातूरवाला मला बघून म्हणाला, "सर, आजपासून दुसऱ्या युनिटला जायचंय का?" मी म्हटलं, "ठेकेदाराला विचार." आणि पंचिंग करून आत गेलो.

हे सगळं मी घरी सांगितलं नव्हतं. ब्लॉक क्लोजरच्या दिवशी डबा घेऊन निघायचो आणि इंद्रायणीनगरच्या एका बागेत बसायचो. बागेत माझ्यासारखे आणखी चार-पाच जण असायचे, पायात सेफ्टी शूज घातलेले. कोणी कोणाशी बोलायचं नाही. रात्री साडेतीनला ठरल्यासारखी जाग यायची आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडायचा. पगार हातात 30,500. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता 16,100. तेच दोन आकडे, रोज तीच वजाबाकी, जणू एखाद्या रात्री उत्तर वेगळं येईल.

तिसऱ्या आठवड्यात बायको पोळ्या लाटता लाटता, मागे वळून न बघता म्हणाली, "अहो, बागेतली मच्छर औषधाला बधत नाहीत. जायचं तर फुल बाह्यांचा शर्ट घाला." खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला पाहिलं होतं. "तीन आठवडे डबा अर्धा परत येतोय," ती म्हणाली, "मला काय कळत नाही?" मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, पोटात कालवाकालव सुरू होती तेवढी थांबली. त्या रात्री साडेतीनला जाग आली नाही, पाचला आली.

मग आम्ही मुलाची जुनी वही घेऊन बसलो. शाळेची फी, भिशी, विम्याचा हप्ता, अण्णांची बीपीची औषधं, गॅस, दूध, केबल. भिशीतून मध्येच बाहेर पडता येत नव्हतं म्हणून तिने पुढच्या महिन्याचा नंबर मागून घेतला आणि उचललेले 40,000 वेगळ्या खात्यात टाकले. ती फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायची, त्याचे महिन्याला तीन-साडेतीन हजार यायचे. त्या पैशांची मी कधी घरखर्चात मोजदाद केली नव्हती. वहीत तिने ती रक्कम पहिल्या ओळीत लिहिली आणि माझा पगार दुसऱ्या.

बँकेचं काम त्यातूनच निघालं. 2015 चं आमचं कर्ज बेस रेट या व्याजाच्या जुन्या पद्धतीवरच अडकलेलं होतं. रिझर्व्ह बँक त्या वर्षी दर दोन महिन्यांनी रेपो, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, खाली आणत होती, फेब्रुवारीतल्या साडेसहावरून ऑक्टोबरात 5.15 वर, आणि आमच्या हप्त्यात एक रुपया हलत नव्हता. चौकशी केली तर कळलं, अर्ज केल्याशिवाय जुनं कर्ज नव्या दरावर आपोआप जात नाही. बदलायची फी भरली आणि हप्ता 15,200 वर आला. काही वर्षं मी फुकट जास्त भरत होतो. नोकरीची भीती नसती तर आणखी दहा भरली असती.

पिंपरीतल्या एका कामगार वकिलांकडे गेलो तो दिवस मात्र मी विसरणार नाही. नेमणूकपत्र, बढतीचं पत्र, पगारपावत्या, सगळं फाइल करून नेलं होतं. मी सांगत होतो, तेरा वर्षं सर्व्हिस आहे, असं कसं काढतील. त्यांनी बढतीचं पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सुपरवायझर झालात त्या दिवशी पेढे वाटले होते का?"

वाटले होते. 2014, चितळ्यांचे, दीड किलो.

त्यांनी 2019 च्या नियमांप्रमाणे जे सांगितलं ते थोडक्यात असं. तेव्हा लागू असलेला औद्योगिक विवाद कायदा, 1947 चा, 'कामगारा'ला संरक्षण द्यायचा. काम नाही म्हणून बसवून ठेवलं तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि सर्व्हिसच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शेवटी आलेला आधी जाणार. पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. पण देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला दहा हजारांवर पगार असलेला माणूस या व्याख्येत बसत नव्हता. "म्हणजे तुमच्या हाताखालचा टर्नर बसतो, तुम्ही नाही. तुम्हाला नेमणूकपत्रात लिहिलंय तेवढं, एक महिन्याची नोटीस. आणि ग्रॅच्युइटी, ती कोणाच्या बापाला बुडवता येत नाही." तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर काढून दाखवली: मूळ पगार आणि डीए 16,000, त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं, पुन्हा 13 वर्षांनी गुणायचं. बरोबर 1,20,000. तेरा वर्षांचा तो आकडा मी बराच वेळ बघत बसलो. पीएफचं ते म्हणाले की त्या वेळच्या नियमाने नोकरी गेल्यावर एक महिन्याने पंचाहत्तर टक्के काढता येतो, पण काढू नका, शेवटचा दगड म्हणून ठेवा.

निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः मशीन चालवता का?" म्हटलं, माणसं कमी झाल्यापासून अर्धी शिफ्ट मीच मशीनवर असतो. "मग रोज लिहून ठेवा. तारीख, मशीन नंबर, किती पीस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, मुख्य काम काय करता ते बघतं. उपयोग होईल न होईल. लिहा मात्र."

त्या दिवशी भोसरीत येताना साठ रुपयांची डायरी घेतली. पहिली नोंद: मशीन 4, दुसरं सेटअप, 7.10 ते 11.30, 38 पीस, 1 रिजेक्ट. खटला कधी भरावा लागला नाही, पण त्या नोंदींनी मला जेवढी झोप दिली तेवढी कुठल्या गोळीने दिली नसती. दिवसभरात हातून काहीतरी झालं आणि ते मोजता येतं, एवढाच तो आधार.

आता जे लिहायला जड जातंय ते. सुपरवायझर दोन होते, मी आणि दुसऱ्या शिफ्टचा. आम्ही एकाच वर्षी ट्रेनी म्हणून लागलो, मी बार्शीच्या आयटीआयचा, तो नगरचा. लांडेवाडीला दोन वर्षं एका खोलीत राहिलो. त्याच्या लग्नात वरातीपुढे मी नाचलोय. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी त्याच्या शिफ्टचं रिजेक्शन मोजत होतो. सकाळी आल्यावर पहिल्यांदा लाल क्रेट बघायचो. त्यात पीस जास्त दिसले की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून पोटात मळमळायचं, दोन्ही एकदम. एक दिवस त्याच्या शिफ्टचे चौदा हब बोअरमध्ये, म्हणजे बेअरिंग बसायच्या भोकात, मापाबाहेर निघाले. त्या क्रेटचा फोटो मी साहेबांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

कारण काय होतं हेही मला माहीत होतं. चौथा कॉर्नर. चिरलेल्या इन्सर्टवर त्याची पोरं काम ओढत होती, स्टोअर नवीन देत नव्हतं, आणि आवाजावरून ओळखणारा आम्ही गेटवरून परत पाठवला होता.

त्या सुमारास, 20 सप्टेंबरला, सरकारने कंपन्यांचा कर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला. सेन्सेक्स एका दिवसात 1,900 पेक्षा जास्त अंकांनी उसळला. एचआरवाले साहेब दुपारी स्वतः शॉपवर येऊन सांगून गेले. ऑक्टोबरचं शेड्यूल आलं ते 2,400 चं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. दरवर्षी प्रत्येक मशीनला झेंडूचं तोरण आणि नारळ असायचा. यंदा चालू असलेल्या पाच मशीनना तोरणं आणि सगळ्यांत मिळून एक नारळ. बंद मशीन ताडपत्रीखाली होत्या. कोणीतरी त्यांच्यावरही एकेक फूल ठेवून आलं, ताडपत्रीवरच. संध्याकाळी अण्णांचा बार्शीहून फोन. "कंपनी चालू हाय न्हवं?" ते 2008 पासून दर दसऱ्याला हेच विचारतात. म्हटलं, "चालू आहे अण्णा." म्हणाले, "मग बरं हाय. न्हाई तर या हिकडं. सोयाबीन काढायलाबी मानूस मिळंना."

नोव्हेंबरमध्ये चाकणला मुलाखतीला गेलो. जागा दोन, आलेले शंभराच्या वर, पायऱ्यांवर, पार्किंगमध्ये, सावली मिळेल तिथे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान एचआरने विचारलं, "24,000 मध्ये जमेल का?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाहेर येईपर्यंत विचार झाला होता, जमेल. फोन आला नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्या शिफ्टच्या माझ्या मित्राने स्वतःच राजीनामा दिला. गुजरातेत सानंदला त्याला काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी घरी चिवडा घेऊन आला. "तुझं घर आहे इथं, हप्ता आहे. माझं काय, मी भाड्याने राहतो. म्हटलं आपणच सुटावं," असं म्हणाला. फोटोचं त्याला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि सांगितलेलंही नाही. दसरा-पाडव्याला आमचे मेसेज होतात.

माझी नोकरी अशी वाचली. डिसेंबरपासून पगार पंधरा टक्के कमी आणि काम 'वर्किंग सुपरवायझर' म्हणून, म्हणजे देखरेख करायची आणि मशीनही चालवायची. पत्रावर सही करताना मी वकिलांना फोन करून तो शब्द वाचून दाखवला. ते मोठ्याने हसले. "डायरी चालू ठेवा."

अकरा जणांचे नंबर डायरीच्या शेवटच्या पानावर होते. नोव्हेंबरमध्ये मला कळलं की पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर नोकरी गेलेल्याला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून जास्तीत जास्त नव्वद दिवस, तेव्हा सरासरी कमाईच्या पंचवीस टक्के भत्ता मिळायचा. दोन वर्षांची विम्यातली नोकरी हवी ही तेव्हाची अट. अकराही जणांना मेसेज केला. ठेकेदाराने मध्ये मध्ये ब्रेक दिल्यामुळे अटीत बसणारे तिघंच निघाले. त्यातल्या दोघांनी फॉर्म भरला. लातूरवाल्याने मेसेज वाचला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

जानेवारीअखेर शेड्यूल 3,800 चं आलं. साहेब म्हणाले, पाच-सहा पोरं लागतील, बघ कोणी असेल तर. ठेकेदार नवीन पोरं द्यायला तयार होता. मी म्हटलं, आधी जुन्यांना विचारतो. चौघांचे फोन लागले नाहीत, दोघं दुसरीकडे लागले होते, एकजण बिहारला गेला तो गेला. लातूरचा नंबर मी मुद्दाम शेवटी लावला.

"सर, बोला," तो म्हणाला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी हबचं सांगितलं, मशीन 4 चं सांगितलं. इन्सर्टचं बोलायचं होतं, फोटोचं बोलायचं होतं, शिसपेन्सिलचं बोलायचं होतं. काही बोललो नाही.

"किती दिवसांचं काम आहे सर? इथं हरभरा काढायला आलाय. दोन-चार आठवड्यांसाठी येणं परवडत न्हाई."

मी डायरीत बघितलं, जणू तिथे लिहिलेलं असणार होतं.

"मार्च एंडपर्यंत तर नक्की आहे," मी म्हटलं. "पुढे बीएस-6 चा माल सुरू झाला की वाढेलच."

3 फेब्रुवारी 2020, सोमवार, फर्स्ट शिफ्टला तो आला. त्या दिवसाची डायरीतली नोंद आहे: मशीन 4, 7.00 ते 3.30, 71 पीस, रिजेक्ट 0.